तडा की वेलांटी?

हात कापायला लागल्यापासून भिंगाखाली शिवराईचं नाणं स्थिर राहत नाही. आता माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढते आणि मी पडद्यावर बघतो. मी काही बोललो की ती लगेच विचारते, "सर, हा तडाच कशावरून?" इतकी वर्षं मी नुसता निकाल द्यायचो. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. तो दरारा मला आवडायचा आणि मी तो जपायचोही. तिच्यापुढे तो चालत नाही.

नाण्यावरच्या बाकी सगळ्या खुणांचं कारण देता येतं. अडतं ते त्यावरच्या 'शिव' या अक्षरांमधल्या उभ्या रेघेपाशी.

ठशांमधे ठेवून ठोकायची तांब्याची चकतीच फाटली असेल तर फट खोल असते, काठाकडून आत येते. मधे चकती नसताना ठसे एकमेकांवर आदळले असतील, तर समोरच्या बाजूची अक्षरं उलटी, दबलेली, पुसट उमटतात. गंजलेल्या ठशाने बारीक पुटकुळ्या उठतात. यांत चकायला होत नाही. उंच रेघेचं तसं नाही. ठशातली चीर नाण्यावर उंच उमटते आणि कोरताना छिन्नी निसटली तर तिचा ओरखडाही उंचच उमटतो.

त्यात चकती ठशापेक्षा लहान. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळेपासून पाडल्या गेलेल्या या तांब्याच्या नाण्यावर 'श्री राजा शिव' तीन ओळींत, मागे 'छत्रपति'. हा सगळा मजकूर भोवतीच्या ठिपक्यांसकट एकाच नाण्यावर क्वचित सापडतो. छाप जरा सरकली की 'शि'ची डावीकडची वेलांटी चकतीबाहेर जाते. त्याच ठशाला 'श' आणि 'व'च्या मधे तडा गेलेला असला, की भिंगाखाली चक्क 'शीव' वाचता येतं. 'शीव', 'सिव' असे कोरलेले ठसेही खरोखर आहेत. ही नाणी पुढे पेशवाईतही पडत राहिली; तेव्हा टांकसाळींचे परवाने खासगी लोकांना मिळत आणि ठसे कोरणारा प्रत्येक हात शुद्धलेखन जाणणारा नव्हता. म्हणून 'शीव' दिसलं की ते खोटंच, असंही म्हणता येत नाही.

कोरलेली वेलांटी वर वळते आणि ठिपक्यांच्या आत थांबते. तडा वळणाची पर्वा करत नाही, ठिपके कापत काठाला जातो. पण वरचं वळण झिजलेलं आणि ठिपके चकतीबाहेर, असं नाणं हाती आलं की मी तासन् तास तिथेच अडतो. मग अक्षरांच्या कडा बघतो. पोलादाला पाणी जास्त बसलं की ठसा कडक होऊन तडकतो. कमी बसलं की तो दबतो, अक्षरं पसरतात. कडा धारदार असताना रेघ असेल तर माझा कौल तड्याकडे झुकतो. पण तो कौलच, पुरावा नव्हे. पुरावा हवा तर त्याच ठशाची दुसरी नाणी हवीत. तडा नाण्यागणिक लांबतो, रुंदावतो. छिन्नीची रेघ कधी वाढत नाही, ठशाबरोबर झिजत जाते.

नेमकी हीच सोबतची नाणी आता मिळेनाशी झाली. एका हंड्यात सापडलेल्या शिवराया एकत्र राहतच नाहीत. विक्रेते त्या चिंचेने, नाहीतर अ‍ॅसिडने लखलखीत करतात, एकेक सुटी विकतात आणि रेघ दिसली की 'दुर्मिळ प्रकार' म्हणून चौपट भाव लावतात. घासल्यावर रेघेची कडा जाते. कडा गेली की ती तड्याची होती की छिन्नीची, हे कुणालाच सांगता येणार नाही. याचा मला मनापासून संताप येतो. नव्या संग्राहकांना नवा प्रकार आपल्या नावावर हवा असतो. ती हाव मी ओळखतो, कारण ती माझ्यातही होती. आजही पूर्ण गेलेली नाही.

तुमच्या देव्हाऱ्यात किंवा जुन्या डब्यात शिवराया असतील तर एवढंच करा: त्या घासू नका आणि एकत्र सापडलेल्या एकत्रच ठेवा.