द्राक्षमळ्यांतील दोन दिवस

गेल्या फेब्रुवारींत आम्ही घरांतील सात माणसें दोन दिवस नाशकास जाऊन आलों. घरीं सांगितलेलें निमित्त त्र्यंबकेश्वराचें होतें. पण आमचा खरा ओढा गंगापूर धरणाच्या बाजूच्या द्राक्षमळ्यांकडे व तेथील वाइनकडे होता. ही गोष्ट आम्हीं आत्यांपासून लपवून ठेविली होती. ज्यांनीं उभ्या जन्मांत मद्य घराच्या उंबरठ्याआंत येऊं दिलें नाहीं, त्यांना हें सांगावें तरी कसें?

पहिल्या दिवशीं दर्शन झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं "जरा बागा पाहूं" म्हणून आत्यांना मळ्यांत नेलें. हा मुलूख पूर्वीं मुख्यत्वें खाण्याच्या द्राक्षांसाठीं प्रसिद्ध होता. २००० सालीं सुलाचा कारखाना उघडला, २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें, आणि वाइनसाठींही त्याचें नांव झालें.

तोडणीचा हंगाम होता. माहिती सांगणारा तरुण म्हणाला, "युरोपांत वेल हिवाळ्यांत झोंपतो. आपल्याकडे तो झोंपत नाहीं, म्हणून त्याला वर्षांतून दोनदां छाटावें लागतें. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरल्यावर गोडी छाटणी." तांबडी वाइन काळ्या द्राक्षांच्या सालींसह आंबवितात, रंग सालींतून उतरतो, पांढरीसाठीं रस आधींच वेगळा काढतात, असेंही त्यानें सांगितलें. रसांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर होतें, हें ऐकतांच आत्या शांतपणें म्हणाल्या, "म्हणजे आपल्या द्राक्षासवासारखेंच कीं!"

आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. घरांत कोणी आजारांतून उठलें कीं आत्या स्वतः द्राक्षासवाचे दोन चमचे पाणी घालून देत असत. "होय आजी," तो तरुण हंसून म्हणाला, "तेंही आंबूनच होतें. पण तें औषध, मापानें घ्यायचें."

दुपारीं झाडाखालीं जेवण झालें. भरल्या वांग्याबरोबर किंचित् गोडसर शेनिन ब्लाँ फार छान लागली. गाडी चालविणारा पाण्यावरच राहिला. आत्यांनीं द्राक्षांचा एक घोंस घेतला आणि सावकाश एकेक मणी खात बसल्या. आम्ही पेले आडोशाला सरकवीत होतों.

"लपवितां कशाला?" त्या म्हणाल्या. "सकाळींच कळलें मला. मी घेणार नाहीं, तुम्हीं घ्यावी असेंही म्हणणार नाहीं. पण तुम्हीं देवाचें नांव पुढें करून मला आणलेंत, तें मनाला लागलें. उद्यां तुमचीं मुलें तुमच्याशीं असेंच वागलीं, तर त्यांना काय सांगाल?"

कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. पेल्यांत उरलेली वाइन तशीच राहिली.

रात्रीं घरीं पोंचतांच थोरल्या वहिनींनीं विचारलें, "दर्शन नीट झालें ना?" आत्यांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें आणि त्या पाय धुण्यास मोरींत गेल्या. मग मुलांच्या देखत आम्हींच वहिनींना सारी हकीकत, शेवटच्या पेल्यासकट, सांगून टाकली.