गेल विवर : पाय न ठेवता ओळखीचं झालेलं गाव

मंगळाच्या विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला 'गेल' नावाचं एक विवर आहे. फार प्राचीन काळी काहीतरी प्रचंड आदळून झालेला हा खड्डा १५४ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या इंदूर-भोपाळ रस्त्यापेक्षा थोडा कमी. त्याच्या मधोमध माउंट शार्प नावाचा डोंगर उभा आहे. तळापासून त्याची उंची सुमारे ५ किलोमीटर. कळसूबाई एकावर एक तीनदा रचली तर साधारण तेवढी होईल. या डोंगराच्या पायथ्याशी २०१४ साली सहा चाकांची एक गाडी पोचली आणि तेव्हापासून ती हळूहळू वर चढते आहे. तिचं नाव क्युरिऑसिटी.

या गावाला मी गेली कित्येक वर्षं जवळजवळ रोज जाऊन येतो. सकाळी चहाबरोबर पंधरा मिनिटं, कधी रात्रीची जेवणं आटोपल्यावर अर्धा तास. तिकीट लागत नाही, रजा टाकावी लागत नाही. मी शास्त्रज्ञ नाही, बँकेत नोकरी करतो. पण ज्यांच्या नावावरून या विवराचं नाव पडलं ते वॉल्टर फ्रेडरिक गेलही सिडनीतले बँकवालेच होते. नोकरी सांभाळून रात्री दुर्बिणीतून आकाश बघणारे हौशी माणूस! त्यामुळे या गावी मला कधी परकं वाटलं नाही.

जायचं कसं?

रस्ता सोपा आहे. गाडीने काढलेले फोटो नासाच्या संकेतस्थळावर जसेच्या तसे, काहीही साजशृंगार न करता टाकले जातात. २००४ साली स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या जुळ्या गाड्या मंगळावर उतरल्या, तेव्हाही फोटो पृथ्वीवर पोचले की थोड्याच वेळात सगळ्यांसाठी खुले व्हायचे. म्हणजे कॅलिफोर्नियातला शास्त्रज्ञ आणि बडोद्यातली नववीतली मुलगी एकच दगड जवळजवळ एकाच वेळी बघू शकतात.

तिथलं कॅलेंडर मात्र समजून घ्यावं लागतं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा. त्याला 'सोल' म्हणतात. क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ रोजी, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजून गेले होते तेव्हा उतरली. तो सोल शून्य. तेव्हापासून एकेक सोल मोजला जातो आणि प्रत्येक फोटोवर त्याचा सोल लिहिलेला असतो.

सुरुवातीचे तीन महिने गाडी चालवणारी माणसं मंगळाच्या घड्याळाप्रमाणे जगत होती. रोज ऑफिसला ४० मिनिटं उशिरा जायचं. काही दिवसांत सकाळची पाळी दुपारी येते, मग मध्यरात्री. डेव्हिड ओ या अधिकाऱ्याच्या बायकोने आणि तीन मुलांनी तर ठरवलं, बाबा ज्या वेळेला जगतात त्याच वेळेला आपणही जगायचं. शाळा सुरू होईपर्यंत जवळजवळ महिनाभर ते अख्खं घर मंगळाच्या वेळेवर होतं. ही गोष्ट मी पुतणीला सांगितली, तेव्हापासून ती घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "काका, तिथे आत्ता किती वाजलेत?"

बघायचं काय?

पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळीकडे दगड आणि धूळच दिसेल. कुठल्याही नव्या गावात पहिल्या दिवशी सगळ्या गल्ल्या सारख्याच वाटतात, तसंच हे. थोडे दिवस गेले की ओळख पटायला लागते. दूर क्षितिजावर धुरकट डोंगरांची रांग दिसते, ती विवराची कड. ती दिसली की आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते कळतं. काळे-पांढरे फोटो बहुधा वाट शोधायच्या कॅमेऱ्यांचे, रंगीत फोटो खांबावरच्या मोठ्या कॅमेऱ्यांचे आणि चाकं दिसणारे वाकडेतिकडे फोटो पोटाखालच्या कॅमेऱ्यांचे.

चाकांकडे जरूर बघा. ५० सेंटीमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची ही चाकं तिथल्या टोकदार दगडांनी जागोजागी फाटली आहेत. त्यांच्यात मुद्दाम ठेवलेली काही भोकंही आहेत. गाडी चालली की त्या भोकांचा ठसा वाळूत मोर्स लिपीत उमटतो, 'जेपीएल', म्हणजे ती जिथे बनली त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं.

तांबडा ग्रह म्हणतो खरं, पण तो तांबडेपणा वरवरचा आहे. २०१३ च्या सुरुवातीला यलोनाइफ बे नावाच्या सखल जागी गाडीने पहिल्यांदा दगडात भोक पाडलं, तेव्हा आतून राखाडी भुकटी निघाली. तो दगड म्हणजे जुन्या तळ्याच्या गाळाचा थर होता. तिथे कधीकाळी पिण्याजोगं, खारटपणा कमी असलेलं पाणी होतं, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. पुढे डोंगरावर बरंच वर गेल्यावर दगडात लाटांच्या खुणा सापडल्या. उथळ पाण्यावर वारा वाहिला की तळाच्या वाळूवर ज्या बारीक नागमोडी रेघा उठतात, हुबेहूब त्याच. गोव्याकडच्या वाचकांनी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर त्या शंभरदा तुडवल्या असतील.

३० मे २०२४ रोजी गाडीचं चाक एका पांढुरक्या दगडावरून गेलं आणि दगड फुटला. आत पिवळेधमक स्फटिक होते, शुद्ध गंधकाचे. ते शोधायला कोणी गेलंच नव्हतं.

आणि सूर्यास्त. आपल्याकडे दिवसा आकाश निळं आणि संध्याकाळी तांबडं. तिथे उलटं. हवेतल्या बारीक धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवती निळसर प्रकाश पसरतो. एप्रिल २०१५ मध्ये क्युरिऑसिटीने तो रंगीत टिपला. थंडीचं म्हणाल, तर रात्री पारा शून्याखाली सत्तरच्याही पलीकडे जातो.

सोबतीला कोण?

या वाटेवर मी एकटा नाही. जगभर हजारो हौशी माणसं रोज हे फोटो बघतात. कोणी सुटे तुकडे जोडून अख्खा देखावा उभा करतं, कोणी रंग नीट जुळवतं, कोणी लाल-निळ्या चष्म्यातून खोली दिसेल अशी चित्रं बनवतं, कोणी गाडीच्या वाटेचा नकाशा ठेवतं. पैसे कोणालाच मिळत नाहीत. डग एलिसन हे असेच इंग्लंडमधले हौशी गृहस्थ. पुढे त्यांना जेपीएलमध्येच नोकरी मिळाली आणि आता ते क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्यांवर काम करतात.

हौशी डोळ्यांना कमी लेखू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स ही दुसरी गाडी जेझेरो विवरात उतरली. तिच्या पॅराशूटवर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची विचित्र नक्षी होती. त्यात काही संदेश दडलाय, असं एका अधिकाऱ्याने नुसतं सुचवलं आणि काही तासांत लोकांनी तो उलगडलासुद्धा. मोठं काही करायचं धाडस करा, अशा अर्थाचं वाक्य आणि जेपीएलचे अक्षांश-रेखांश! आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. २०१९ साली प्रज्ञान गाडीला पोटात घेऊन निघालेला विक्रम चंद्रावर कोसळला. त्याच्या अवशेषांचा पहिला ठिपका चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या इंजिनिअरने घरी बसून, जुने-नवे फोटो ताडून शोधला. नासाने त्याचं श्रेय जाहीरपणे त्यांना दिलं.

या सवयीचा रोजच्या जगण्यातही उपयोग होतो. मे २०२२ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला, 'मंगळावर दरवाजा सापडला!' कड्यात कोरल्यासारखी चौकट, आत काळोख. मामांनी खाली लिहिलं, आपल्या पुराणात हे आधीच आहे. मी वाद घातला नाही. त्याच सोलचे आजूबाजूचे फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि विचारलं, "मामा, या दाराची उंची किती असेल?" गाडीला दोन डोळे आहेत. डाव्या आणि उजव्या फोटोतला फरक मोजला की वस्तू किती लांब आणि केवढी ते काढता येतं. दार निघालं सुमारे ३० सेंटीमीटर उंच, दगडाला पडलेल्या भेगांमधली एक खाच. मामांचं उत्तर आलं, "म्हणजे आमच्या मांजरीपुरतं." त्यानंतर अशी चित्रं आली की मामाच मला विचारतात, "याचा सोल कितवा रे?"

आपलं नातं काय?

उज्जैनला मंगळनाथाचं मंदिर आहे. परंपरेने ते मंगळाचं जन्मस्थान मानलं जातं. आमच्याकडे पाहुणे आले की महाकाळाबरोबर तिथेही नेतो. पण आणखी एक नातं आपल्या पायाखाली आहे. माळव्याचं पठार, सह्याद्रीचे कडे, सगळं लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसाल्टचं आहे. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचाच. म्हणून तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना महत्त्वाचं वाटतं. बेसाल्टमध्ये आघाताने झालेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. पावसाळ्यात पातालपाणीला धबधबा बघायला गेलात तर खालचे काळे दगडही बघून घ्या. गेलमधल्या दगडांचे ते लांबचे भाऊबंद.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांना न पाहिलेलं गाव ही कल्पना नवीन नाही. आमचं मूळ गाव कोकणातलं. मी ते एकदाच पाहिलं, माझ्या वडिलांनी कधीच नाही. तरी तिथली विहीर कुठल्या बाजूला, फणस कोणाच्या कुंपणात, हे त्यांना पाठ होतं, कारण आजी तेच तेच पुन्हा सांगायची. गाव आपलं होतं ते असं, कोणीतरी बारकाईने सांगत राहिलं आणि कोणीतरी कंटाळा न करता ऐकत राहिलं की. गेलमधून सांगणारी एक यंत्र आहे, इतकाच फरक.

पण सांगणारं माणूस कायम राहत नाही, तसं यंत्रही. ऑपर्च्युनिटी ९० सोलसाठी पाठवलेली गाडी. ती १४ वर्षांहून जास्त चालली, ४५ किलोमीटर गेली. जून २०१८ मध्ये सगळ्या ग्रहावर धुळीचं वादळ उठलं, सूर्य दिसेना आणि तिच्या सौर पट्ट्यांना ऊन मिळेना. १० जूनला तिचा शेवटचा संदेश आला. पुढे कित्येक महिने तिला हाका मारणं चालू होतं, हजाराहून जास्त आज्ञा पाठवल्या गेल्या. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचं जाहीर झालं. तिने निरोपाचं करुण वाक्य म्हटल्याचं तुम्ही वाचलं असेल. ते शब्द एका पत्रकाराचे, गाडीने पाठवले होते फक्त आकडे आणि एक काळाकुट्ट, अर्धवट फोटो. मला तो फोटोच जास्त लागला. ती उभी आहे ती दरी अजून तिथेच आहे, तिथे अजूनही रोज ऊन पडत असणार. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

क्युरिऑसिटी उन्हावर चालत नाही. तिच्या पाठीवर प्लुटोनियम आहे, त्याच्या उष्णतेवर वीज तयार होते. पण ती उष्णताही दरवर्षी थोडी थोडी कमी होते आहे. आता तिला एका वेळी दोन-दोन कामं उरकायला लावून वीज वाचवतात. म्हणजे हे गाव बघायला मिळण्याचे सोल मोजकेच आहेत. किती, ते कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून मुलांनो, तुम्हाला सांगणं एकच. या रविवारी पोहे-जिलेबी झाली की आजी-आजोबांना शेजारी बसवा, मोठ्या पडद्यावर आजचा सोल उघडा आणि घाई न करता एकच फोटो दहा मिनिटं बघा. लांबची कड शोधा, चाकांच्या खुणा शोधा, सावली कुठे पडली आहे त्यावरून तिथे सकाळ आहे की संध्याकाळ ते ओळखा. सोमवारी पुन्हा बघा, गाडी कुठे सरकली ते. चार हजारांच्या वर सोल होऊन गेलेत. सुरुवात करायला त्यातला कुठलाही चालतो, पण आजचा सगळ्यात चांगला.