क्लब तेरा झाले, खेळाडू किती?

४ मे २०२४. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. मध्यंतराला मोहन बागान एका गोलने पुढे होतं. उत्तरार्धात पेरेरा डियाझने मुंबई सिटीला बरोबरी साधून दिली, बिपिन सिंगने आघाडी घेतली आणि भरपाई वेळेत याकुब वोयटुसने तिसरा गोल करून चषक मुंबईला आणला. वोयटुस हा स्लोव्हाकियाचा स्ट्रायकर. हंगाम सुरू झाला तेव्हा तो या संघात नव्हताच. तो आला हिवाळ्याच्या, म्हणजे जानेवारीत उघडणाऱ्या ट्रान्सफर विंडोमध्ये. त्याच हंगामात मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, पीटर क्रॅटकी आले आणि ग्रेग स्टुअर्टसारखा मोहराही क्लब सोडून गेला. एवढी पडझड होऊनही संघ चषकापर्यंत पोचला, यात ऐन हंगामात केलेल्या भरतीचा मोठा वाटा होता.

मी क्लबांसाठी खेळाडू हेरण्याचं काम करतो. बाहेरून पाहणाऱ्याला जानेवारी म्हणजे आमच्या धावपळीचा महिना वाटतो. माझ्या मते ज्या क्लबची जानेवारीत धावपळ होते, त्याचं काम आधीच बिघडलेलं असतं. जानेवारीत खेळाडू नोंदवायचा असतो. त्याचा शोध त्याआधीच संपलेला हवा.

परदेशी खेळाडूंचं गणित पाहा. क्लबला सहा परदेशी नोंदवता येतात, मैदानावर एका वेळी चारच. सहा जागा भरलेल्या असतील तर नवा आणण्याआधी जुन्याला मोकळं करावं लागतं आणि त्याच्या उरलेल्या कराराचे पैसे चुकवावे लागतात. मग व्हिसा, वैद्यकीय तपासणी, आणि फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतून येणारं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट. यातला एक कागद अडला तरी दोन सामने हातचे जातात. शिवाय जानेवारीत मोकळा कोण असतो? युरोपात ज्याला संघात जागा मिळत नाही तो, किंवा नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांतला, जिथली लीग वर्षअखेरीस संपते. पहिल्याला सामन्यांचा सराव नसतो, दुसरा सुट्टीवरून येतो. दोघांनाही लय सापडायला वेळ लागतो आणि इथे लीगचे मोजकेच सामने उरलेले असतात. म्हणून मी नुसत्या गोलांच्या क्लिप्स पाहत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तो किती मिनिटं खेळला, हे आधी विचारतो.

हे सगळं जुळून आलं तर फळ मोठं असतं. ह्युगो बुमूस २०१८ च्या जानेवारीत एफसी गोव्यात आला. दोन वर्षांनी गोव्याने लीगमध्ये अव्वल राहून पहिली शील्ड जिंकली आणि त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू बुमूसच ठरला. २०२२ च्या जानेवारीत जमशेदपूरने गोल करणारा वाल्स्किस गमावला आणि त्याच्या जागी ईस्ट बंगालमधून डॅनियल चिमाला आणलं. कोलकात्यात चाचपडणारा चिमा जमशेदपूरच्या वेगवान खेळात चपखल बसला आणि शील्ड जमशेदपूरला गेली. खेळाडू तोच होता, त्याच्या भोवतीचा खेळ बदलला होता.

भारतीय खेळाडूंची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. त्यांचे बहुतेक करार मे अखेरीस संपतात. शेवटचे सहा महिने उरले की फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार करू शकतो. त्यामुळे डिसेंबर उजाडला की प्रश्न पडतो : जूनमध्ये जो फुकट येणार आहे, त्याच्यासाठी आज पैसे मोजायचे का? म्हणून इथे रोख व्यवहारापेक्षा लोन आणि अदलाबदल जास्त चालते. त्यात आणखी एक नियम आहे : एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. हंगामाच्या सुरुवातीलाच दोन क्लबांकडून खेळून झालेल्या पोराला जानेवारीत तिसरं दार बंद असतं.

या चौकटीतलं माझ्या मते सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे लालियानझुआला छांगटे. २०२२ च्या जानेवारीत मुंबई सिटीने मिझोरामच्या या विंगरला चेन्नईयिनकडून लोनवर घेतलं. त्याचा वेग सगळ्यांनी पाहिला होता. त्या वेगाला मोकळी जागा देणारी खेळाची पद्धत मुंबईकडे होती. पुढच्याच, २०२२-२३ च्या हंगामात मुंबईने शील्ड जिंकली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू छांगटे ठरला. चांगल्या भरतीत क्लबला आपली गरज ठाऊक असते आणि खेळाडूला आपली जागा मिळते.

पण असे छांगटे देशात आहेत किती? लीग २०१४ मध्ये ८ क्लबांची होती आणि मैदानावर किमान ५ भारतीय लागत. म्हणजे सगळे क्लब मिळून सुरुवातीच्या अकरांत ४० भारतीय पुरत. २०१७-१८ मध्ये बेंगळुरू आणि जमशेदपूर आले, क्लब १० झाले आणि भारतीयांची किमान संख्या ६ झाली : ६०. पुढे आणखी एक क्लब आला आणि ही किमान संख्या ७ वर गेली. मग खालच्या विभागातली आय-लीग जिंकून पंजाब आलं, त्यामागोमाग मोहमेडन स्पोर्टिंग. २०२४-२५ मध्ये १३ क्लब होते : ९१. दहा वर्षांत मागणी दुपटीहून जास्त वाढली. सामनेही १४ वरून २४ झाले, म्हणजे दुखापती आणि बदली खेळाडूंची गरजही वाढली.

हे सगळे बदल चांगलेच आहेत. भारतीयांना जास्त जागा मिळाव्यात, आय-लीग जिंकणाऱ्याला वरचं दार उघडावं, यासाठी आम्ही सगळे बोलत होतो. पण खालून येणारा पुरवठा त्या गतीने वाढला नाही, आणि ते जानेवारीत उघडं पडतं. डाव्या पायाचा भरवशाचा लेफ्ट-बॅक हवा म्हटलं की सगळ्या क्लबांच्या याद्यांत तीच चार-पाच नावं निघतात. स्ट्रायकरच्या जागेवर तर वर्षानुवर्षं परदेशीच खेळले. २०२४-२५ मध्ये भारतीयांत सर्वाधिक, १४ गोल सुनील छेत्रीने केले, चाळिशीत. त्याच्या जिद्दीला सलाम करावा आणि त्याच्यामागे रांग का नाही, याची चिंताही करावी. हैदराबादचा क्लब २०२२ मध्ये विजेता होता. आर्थिक अडचणी आणि नोंदणीबंदी यांमुळे २०२४ च्या जानेवारीत त्याचे खेळाडू एकामागून एक बाहेर पडले आणि इतर क्लबांनी त्यांना सामावून घेतलं. हे म्हणजे एका विहिरीचं पाणी उपसून दुसरीत ओतणं. गावातलं पाणी त्याने वाढत नाही.

नवे झरे आहेत, पण तिथवर जावं लागतं. हिवाळ्यात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात तेव्हा गॅलरी भरलेली असते. १७ वर्षांखालच्या २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये आजही विशीच्या आतली पोरं जुन्या नावाजलेल्या क्लबांकडून खेळतात. २०२४ च्या ३१ डिसेंबरला हैदराबादेत बंगालने केरळला हरवून संतोष ट्रॉफी जिंकली आणि दुसऱ्या दिवशी विंडो उघडायची होती. बंगालच्या रॉबी हांसदाने त्या स्पर्धेत १२ गोल केले. असा स्ट्रायकर जानेवारीच्या यादीत हवाच, पण त्याला पहिल्यांदा पाहण्याचा दिवस ३१ डिसेंबर असू नये. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या लीगमध्ये तो आधीच दिसलेला हवा.

म्हणून लीग वाढवताना नव्या क्लबला तीन गोष्टी विचारायला हव्यात. तुमचा राखीव संघ वर्षभरात किती सामने खेळतो? बाकावर बसणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला तुम्ही खालच्या विभागात लोनवर पाठवता का? तुमच्या शहराच्या लीगमध्ये तुमचा माणूस बसलेला असतो का? आणि लीगच्या चालकांनी वेळापत्रकाची हमी द्यायला हवी. २०२५ मध्ये हंगाम नेहमीच्या वेळी सुरू झाला नाही, आणि अशा अनिश्चिततेत शोध, करार, लोन या सगळ्याच गोष्टी अडतात. ही तयारी असेल तर पंधरा काय, वीस क्लबही आपल्याला पेलतील. जानेवारीत मग इतरांची माणसं उचलायची वेळ येणार नाही. राखीव संघातून पुढे आणायच्या पोराचं नाव क्लबच्या वहीत आधीपासूनच लिहिलेलं असेल.