चांगला पत्रा कुठून सुरू होतो?

गंज बाहेरून लागतो असा आपला एक समज असतो. रंगाला फोड येतो, नखाने खरवडला की तांबूस भुकटी पडते आणि आपण म्हणतो, "गंजायला लागली वाटतं गाडी!" खरं सांगायचं तर फोड दिसतो तोपर्यंत गंजाचं निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात, जिथे पाणी शिरतं पण वारा लागत नाही, अशा फटीत तो सुरू होतो. त्यात लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. मग तो फटीत फुगतो, स्पॉट वेल्डिंगचे टाके उसवतो, पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि सगळ्यात शेवटी रंगाला फोड आणून आपल्याला कळवतो.

ही अक्कल मला आमच्या जीपने दिली. जीप म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, १९६८ सालची. उंच बॉनेटवाली. विलीजने हे मॉडेल १९५३ साली अमेरिकेत आणलं, तेव्हा त्यात नवीन इंजिन बसवलं होतं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही वर गेलं. जुन्या जीपप्रेमींना हे रूप बेढब वाटतं, मला तर लहानपणापासून जीप म्हणजे हीच! महिंद्राने ती आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवली. आमची बाबांनी ऐंशीच्या दशकात सरकारी लिलावातून घेतली आणि तेव्हापासून ती चिपळूणच्या घरी आहे.

आता चिपळूण म्हटलं की पाऊस आलाच, आणि २२ जुलै २०२१ चा पूरही. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी पडवीत शिरलं आणि जीपच्या सीटपर्यंत चढलं. नंतर इंजिन खोललं, तेल बदललं, सगळं धुतलं, आणि म्हातारी चक्क सुरू झाली. पण जीपच्या फ्लोअरला खालून टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या जोडलेल्या असतात, त्यांच्यावरच फ्लोअरचा भार असतो. त्या पट्ट्यांत बसलेला गाळ पाइप लावूनही पूर्ण निघत नाही. तो ओल धरून बसतो. (दुसऱ्या महायुद्धातल्या जीपांत या पट्ट्यांमध्ये मजबुतीसाठी लाकूड घातलेलं असायचं. तेही पाणी धरायचं आणि फ्लोअर कुजवायचं. म्हणजे हा रोग घराण्यातलाच!)

गेल्या दिवाळीत डाव्या सीटपुढची रबरी मॅट उचलली आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार जाऊन जमिनीला लागला.

मग घरात सल्ल्यांचा पाऊस. दादा म्हणाला, "सरळ हरयाणातल्या डबवालीहून नवीन बॉडी मागव. जीपच्या बॉड्यांचा बाजारच आहे तिथे. आणायची, चासीवर बसवायची, विषय संपला." वहिनीचं मत, विकून टाका. आमच्या ओळखीचा डेंटर म्हणाला, वरून पत्रा मारतो, लांबी भरतो, रंग देतो, दोन दिवसांचं काम. किती टिकेल विचारलं तर प्रामाणिकपणे म्हणाला, "दोन पावसाळे."

बाबा काहीच बोलले नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, स्वतःच्या गाडीबद्दल चाललेली चर्चा पेपर वाचत ऐकत होता. त्या पेपरामागच्या शांततेमुळेच मी ठरवलं, की हे काम घरीच आणि नीट करायचं. छोटं मिग वेल्डिंगचं मशीन आणलं. महिनाभर भंगारातल्या पिंपांच्या पत्र्यावर हात बसवला आणि मग गाडीला हात लावला.

या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. त्यामुळे सर्वांत आधी टाकी काढून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॅटरीच्या वायरी सुटत्या, शेजारी वाळूची बादली आणि पाण्याचा पाइप. यानंतर मुख्य प्रश्न: कापायचं कुठपर्यंत?

डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवता येत नाही. वरून चकचकीत पत्रा खालून पापडासारखा झालेला असतो. मी छोट्या हातोडीने बोटा-बोटाच्या अंतरावर ठोकत गेलो. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला 'थप्' म्हणतो. खडूने रेघ मारत गेलो तर भोक होतं वाटीएवढं आणि रेघ झाली परातीएवढी! मन म्हणत राहतं की एवढं कशाला, थोडं अलीकडेच काप. पण पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, तो जळून भोक आणखी मोठं होतं. चांगल्या पत्र्यापर्यंत गेल्याशिवाय जोडायला काही उरतच नाही.

आणि त्या खडूच्या रेघेत बाबांचा पॅच आला.

फ्लोअरला पूर्वी कधीतरी भोक पडलं होतं तेव्हा बाबांनी स्वतः जस्ताच्या पत्र्याचा तुकडा कापून, डांबर लावून, सोळा रिव्हेट मारून बसवला होता. रिव्हेट एका ओळीत, सारख्या अंतरावर. तेव्हा घरी वेल्डिंग कुठलं? जे हाताशी होतं त्यात केलेलं चोख काम. लहानपणी मी मागच्या सीटवरून वाकून ते रिव्हेट मोजायचो. पण हातोडी पॅचच्या चारही बाजूंनी 'थप्' म्हणत होती. दोन पत्र्यांची फट म्हणजे गंजाला आयतं घरच.

ग्राइंडर बंद केला आणि पडवीत जाऊन म्हटलं, "बाबा, तुमचा पॅच काढावा लागेल."

ते काठी टेकत आले. वाकले, स्वतः हातोडी घेऊन चार ठिकाणी ठोकून पाहिलं. "हं," म्हणाले, "काढ. आणि काढतोयस तर अर्धवट ठेवू नकोस, पार रेघेपर्यंत जा."

रिव्हेट ड्रिलने काढले. पॅच सुटला तर गंमत पाहा: जस्ताचा पत्रा खालून पांढरट पडलेला, पण धडधाकट. त्याच्या खालचं मूळ फ्लोअर मात्र नाहीसंच झालेलं! बाबांनी तो पॅच उलटसुलट करून पाहिला. "हा कामाचा आहे अजून," म्हणाले. आता तो विहिरीवरच्या पंपाच्या मोटरवर छप्पर म्हणून बसला आहे.

नवा तुकडा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा साधा सीआर पत्रा. जस्ताचा घेतला नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की माणूस तापाने फणफणतो. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावरून पत्रा. आधी गाळाने भरलेल्या दोन पट्ट्या नव्या बसवल्या, त्यांना पाणी निघून जायला भोकं ठेवली. फ्लोअरचा तुकडा जुन्या पत्र्यावर चढवला नाही, कडेला कड लावून बसवला, म्हणजे पुन्हा फट नको. सलग वेल्ड केलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग थांबायचं, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, मग तिसरा. चार फुटांची शिवण घालायला दोन रविवार गेले. मग घासणं, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, पट्ट्यांच्या पोकळीत मेण. लांबी अगदी थोडी आणि तीही प्रायमरच्या वर. नुसत्या पत्र्यावर भरली तर ती ओल शोषून घेते आणि खाली आपला कारखाना पुन्हा सुरू!

जुलै २०२१ मध्येच, म्हणजे पुराच्या त्याच महिन्यात, केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. आमची तशी नोंदवायची की नाही हे ठरलेलं नाही, कारण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. पण 'मूळ स्वरूप' हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. दादाची नवी बॉडी सरळ, स्वच्छ आणि बहुधा स्वस्तही पडली असती. मात्र डाव्या मडगार्डचा पोचा, स्टिअरिंगपाशी बाबांच्या गुडघ्याने घासून गेलेला रंग, हे तिच्याबरोबर आलं नसतं. जे खणखणतं ते ठेवायचं आणि जे 'थप्' म्हणतं ते, कोणीही कितीही मायेने बसवलेलं असो, काढायचं. मूळ स्वरूप जपण्याची याहून वेगळी रीत मला तरी सापडलेली नाही.

असो. अजून मागचं फळकूट आणि उजवीकडचा पायठाव राहिलाय, पाऊस यायच्या आत उरकायला हवा. सकाळी बाबा तिथे हातोडीने ठोकत बसलेले दिसले. खडू त्यांच्याच हातात होता, आणि रेघ मी मारली असती त्यापेक्षा चांगली चार बोटं पुढे गेलेली होती.