तीन वर्षांचें सुतक

चीन देश आमच्या घरांतून किती दिवस नांदत आला आहे याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. लोणचें मुरतें तें चिनी मातीच्या बरणींत. सकाळीं डोळा उघडतो तो चहाच्या पेल्यापुढें. दिवाळींतल्या फटाक्यांची दारूहि मूळची तिकडचीच. कालिदासाच्या दुष्यंतालाहि चीनांशुक ठाऊक होतें. परंतु या वस्तू ज्या देशांतून आल्या तेथील घरांची रीत कशी, वडीलधाकट्यांचें कसें चालतें, बाप वारला म्हणजे मुलगा काय करतो, असें कोणी पुसलें तर शिकलेल्या माणसांसहि कन्फ्यूशियस आणि माओ या दोन नांवांपलीकडे फारसें सांगतां येत नाहीं. आणि या दोघांच्या जन्मांत तर चोवीसशें वर्षांचें अंतर आहे.

गेलीं कांहीं वर्षें आम्ही चीनचा इतिहास जरा नेटानें वाचीत आहों. वणीसारख्या गांवीं, सप्तशृंगीच्या पायथ्याशीं बसून, हा उद्योग कशासाठीं, असें स्नेही विचारतात. कारण घरचेंच आहे. तें पुढें येईल.

कन्फ्यूशियसचा जन्म इ. स. पूर्वीं ५५१ सालचा, आजच्या शांतुंग प्रांतांतला. देव, परलोक, मोक्ष यांविषयीं हा पुरुष फारसा बोलला नाहीं. माणसानें माणसाशीं कसें वागावें इकडेच त्याची सारी दृष्टि. त्याच्या परंपरेनें मनुष्याचीं पांच नातीं मानिलीं: राजा व प्रजा, पिता व पुत्र, पति व पत्नी, वडील भाऊ व धाकटा भाऊ, आणि मित्र व मित्र. यांतलीं तीन नातीं उंबरठ्याच्या आंत आहेत हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ज्याला बापापुढें नम्र राहतां येतें तो राजाशीं द्रोह करणार नाहीं, अशी ही सरळ समजूत. राज्य म्हणजे एक मोठें घर.

आईबापांमागें तीन वर्षें शोक पाळावा, असा त्या देशीं संकेत होता. कन्फ्यूशियसच्या एका शिष्यानें तक्रार केली कीं, तीन वर्षें फार होतात, एक वर्ष पुरे. तुझ्या मनाला बरें वाटत असेल तर तसें कर, म्हणून गुरूनें त्याला सोडलें; पण तो उठून गेल्यावर इतरांस सांगितलें कीं, मूल तीन वर्षांचें होईपर्यंत आईबापांच्या कडेवरून उतरत नाहीं, याला त्याची आठवण राहिली नाहीं काय? युक्तिवाद तो, पण कसा आईच्या मायेचा! आमचें सुतक दहा दिवसांचें, आणि तेंहि आतां रजेच्या हिशेबानें आटूं लागलें आहे.

हा संकेत पुढें कायदा झाला. प्रत्यक्षांत सत्तावीस महिन्यांचा काळ धरीत. तेवढा काळ जाडेंभरडें वस्त्र नेसावें, गाणेंबजावणें करूं नये, घरांत लग्न काढूं नये. आणि मुलगा सरकारी अधिकारी असेल तर, मग तो प्रांताचा सुभेदार कां असेना, त्यानें अधिकार सोडून मूळ गांवीं जावें. असे अधिकारी निवडले जात ते परीक्षांतून. सुमारें तेराशें वर्षें, म्हणजे इ. स. ६०० च्या सुमारापासून १९०५ पर्यंत, चीनमध्यें अधिकाराची मुख्य वाट परीक्षेच्या मांडवांतून जात होती. प्राचीन ग्रंथ मुखोद्गत करावे, एकेका चिंचोळ्या खोलींत दिवस दिवस बसून निबंध लिहावे, नापास झाल्यास पुन्हां यावें. पांढरी दाढी घेऊन बसणारेहि असत. पोथीच्या बळावर पोट भरणाऱ्या घराण्यांत आमचा जन्म झाल्यामुळें या व्यवस्थेविषयीं आम्हांस थोडी ओढ वाटते, हें लपवीत नाहीं. परंतु जी विद्या एकाच सांच्यांतून तेराशें वर्षें काढली जाते तिला शेवटीं शेवटीं बाहेरचा वारा सोसत नाहीं, हेंहि आम्हांस आमच्याच घरच्या फडताळांतल्या पोथ्या पाहून कळतें.

वंशाची आठवण ठेवण्यांत तर ते आमच्याहून पुढें. नाशिकास गेलें म्हणजे क्षेत्रोपाध्याय आमची नामावळ काढतात आणि खापरपणजोबांची सही दाखवितात. ती पाहून आम्ही धन्य होतों. चिनी कुळांच्या अशाच वंशावळी असतात. आणि खुद्द कन्फ्यूशियसच्या कुळाची २००९ सालीं जी नवी आवृत्ति निघाली तिचे ऐशी खंड असून तींत वीस लाखांवर नांवें आहेत. त्याच आवृत्तींत प्रथम मुलींचीं नांवें घेतलीं. आमच्या नामावळींत अजून कन्या नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. इतका कडक संकेत असतां तो मोडण्याची पाळी आलीच नाहीं काय? आली, आणि मोठमोठ्यांवर आली. १५७७ सालीं मिंग घराण्याचा बादशहा अजून पोर होता आणि राज्याचा गाडा चांग च्युचेंग हा मुख्य मंत्री ओढीत होता. त्याचा बाप वारला. बादशहानें त्याला घरीं जाऊं दिलें नाहीं. दरबारांतल्या कांहीं अधिकाऱ्यांनीं, बापाचें सुतक न पाळणारा मनुष्य राज्याला नीति काय शिकविणार, म्हणून अर्ज केले. त्यांना भर दरबारीं फटके मारण्यांत आले. चांग कामावर राहिला. त्यानें राज्य सुधारलें असें पुष्कळ इतिहासकार मानतात. पण हा डाग कांहीं पुसला गेला नाहीं.

दुसरी गोष्ट याहून आम्हांस अधिक हलविते. हुंग श्यूच्वान नांवाचा एक तरुण कँटनच्या परीक्षांत वारंवार नापास झाला. ख्रिस्ती पत्रकें वाचून आपण येशूचे धाकटे बंधु आहों असें त्याला वाटूं लागलें. आणि १८५० नंतरच्या चौदा वर्षांत त्याच्या तैपिंग बंडांत दोन कोटींवर माणसें मेलीं असा अंदाज आहे. (अफूच्या लढाईनें चीनचें कंबरडें त्यापूर्वींच मोडलें होतें. त्या अफूंतली पुष्कळशी माळव्यांत पिकून मुंबई बंदरांतून गेली, हें आम्ही महाराष्ट्रांतल्या लोकांनीं विसरूं नये. मुंबईच्या कित्येक थोर देणग्यांच्या मुळाशीं तो पैसा आहे.) हें बंड भडकत असतांना, १८५२ सालीं, त्सेंग क्वोफान नांवाच्या विद्वान अधिकाऱ्याची आई वारली. नियमाप्रमाणें तो हूनान प्रांतांतल्या आपल्या गांवीं येऊन बसला. तेथें त्याला हुकूम आला कीं सैन्य उभें कर. त्यानें प्रथम, माझें सुतक पुरें होऊं द्या, असा अर्ज लिहिला. स्नेह्यांनीं समजूत घातली, आणि जन्मांत तलवार न धरलेला हा पंडित पांढऱ्या वस्त्रांतच सेनापति झाला. पुढें १८५७ त बाप वारला तेव्हां मात्र परवानगीची वाट न पाहतां तो छावणी सोडून घरीं निघून गेला! वर्षभरानें त्याला पुन्हां बोलावावें लागलें. १८६४ त नानकिंग पडलें आणि बंड संपलें तें त्याच्याच फौजेमुळें. आईच्या वेळीं तो उठला आणि बापाच्या वेळीं उठून गेला. यांत विसंगति आहे असें म्हणणारे म्हणोत, आम्हांस त्यांत एक खरा मुलगा दिसतो.

पुढला इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे, कारण तो भराभरच घडला. १८९५ त जपानकडून पराभव, १८९८ त सुधारणांचे शंभर दिवस, १९०५ त परीक्षा बंद. परीक्षा गेल्या आणि गांवोगांवच्या शिकलेल्या घरांना सिंहासनाशीं बांधणारा दोर तुटला. मग सहा वर्षांत, १० ऑक्टोबर १९११ रोजीं, वूचांग येथें शिपाई उठले, आणि १२ फेब्रुवारी १९१२ रोजीं सहा वर्षांच्या फूयी बादशहाच्या नांवानें विधवा राणी लुंगयू हिनें राज्य सोडल्याचा जाहीरनामा काढला. दोन हजारांवर वर्षें चाललेली बादशाही एका बाईच्या आणि एका पोराच्या हातून संपली. प्रजासत्ताक आलें, पाठोपाठ प्रांतोप्रांतींचे सेनापति एकमेकांवर तुटून पडले. आणि १९१९ च्या सुमारास तरुण विद्यार्थ्यांनीं ओळखलें कीं राजा गेला तरी घरांतला राजा शाबूत आहे. तेव्हांपासून हल्ला झाला तो एकत्र कुटुंबावर. पा चिन याची ‘कुटुंब’ ही कादंबरी १९३१ पासून शांघायच्या वृत्तपत्रांतून क्रमशः येऊं लागली तेव्हां ती वाचून किती मुलांनीं घर सोडण्याचा विचार केला असेल! १९४९ त साम्यवादी राज्य आलें. १९६६ त तरुण रक्षकांनीं कन्फ्यूशियसच्या गांवीं जाऊन शिलालेख फोडले, त्याच्या कुळाच्या कबरी उकरल्या. आणि त्याच राज्यानें १ जुलै २०१३ पासून असा कायदा अमलांत आणला कीं, वेगळें राहणाऱ्या मुलांनीं वृद्ध आईबापांची वारंवार भेट घ्यावी किंवा खुशाली पुसावी. आमच्याकडे २००७ चा कायदा पोटगी मागतो. त्यांचा कायदा भेट मागतो.

आतां घरची गोष्ट. २०२१ च्या एप्रिलांत आमचे वडील बंधु, ज्यांस सारें गांव दादा म्हणे, हृदयविकारानें वणीसच वारले. त्यांचा मुलगा पुण्यास डॉक्टर. करोनाची दुसरी लाट भर जोरांत होती. पुण्याहून वणी सहा तासांची वाट. अंत्यविधीसाठीं प्रवासाची परवानगी मिळत होती. वरिष्ठांनीं जाण्यास हरकत घेतली नव्हती. तो आला नाहीं. दूरध्वनीवर त्यानें आईला एवढेंच सांगितलें, “आई, माझ्या खोलींत बावीस माणसें प्राणवायूवर आहेत, आणि रात्रीं मी एकटाच आहें.” अग्नि आम्हीं दिला. अस्थि तेवढ्या त्याच्यासाठीं राखून ठेवल्या. दीड महिन्यानें तो आला, नाशिकास रामकुंडावर सर्व विधि त्यानें यथासांग केले, आणि परत गेला.

आमच्या आत्याबाईंचें वय तेव्हां अठ्ठ्याऐशी. त्यांनीं त्याच्याशीं बोलणें सोडलें. त्यांचें म्हणणें एकच: हें नव्या शिक्षणाचें फळ, पूर्वीं असें होत नसे. या एका वाक्यानें घराचे दोन तट पडले. धाकटी मंडळी त्याच्या बाजूची, पण वडिलांपुढें बोलणार कोण? पूर्वीं असें होत नसे हें खरें काय, तें पाहण्यासाठीं म्हणून आम्ही, ज्या देशानें पितृभक्तीचा सर्वांत मोठा पसारा मांडला, त्याचा इतिहास हातीं घेतला. चांग आणि त्सेंग आम्हांस भेटले ते असे.

आम्हीं त्या गोष्टी आत्याबाईंना वाचून दाखविल्या. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “ते चिनी. आपल्यांत कोण असें वागला तें सांग.”

उत्तर आम्हीं दिलें नाहीं, वहिनींनीं दिलें. वर्षभर त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. भाजी निवडतांना मान वर न करतां म्हणाल्या, “आत्या, दशरथ गेल्याचें रामाला चित्रकूटावर कळलें. भरत न्यायला आला होता. राम अयोध्येला गेला का?”

आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. नाशिकच्या क्षेत्रीं जन्म काढलेली बाई. रामकुंडावर रामानें दशरथाचें श्राद्ध केलें ही कथा त्यांनींच आम्हां सर्वांना लहानपणीं सांगितलेली. त्या दिवाळींत पुतण्या आला तेव्हां त्यांनीं त्याला जवळ बसवून घेतलें आणि, “वाळलास,” एवढेंच म्हणाल्या.

तेव्हांपासून चीनच्या गोष्टी वाचून दाखविणें हा संध्याकाळचा नेम झाला. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची गोष्ट आम्हीं त्यांतच वाचली. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळें हें नांव जुन्या मंडळींस ठाऊक होतें, तपशील नव्हता. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा; म्हणजे वूचांगचे शिपाई उठले त्या दिवशीं या मुलाला वर्ष पुरें झालें. १९३८ सालीं काँग्रेसनें जपानशीं झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस पांच डॉक्टर पाठविले. त्यांत नागपूरचे वयोवृद्ध चोळकर होते आणि अठ्ठावीस वर्षांच्या आंतले कोटणीस. इतर चौघे यथाकाल परतले. कोटणीस चीनमध्यें असतांनाच त्यांस वडील वारल्याची बातमी कळली. ते आले नाहींत. आघाडीवर शस्त्रक्रिया करीत राहिले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून या कॅनडाच्या शस्त्रवैद्याच्या स्मारकार्थ चाललेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं लग्न केलें. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, बत्तिसाव्या वर्षीं, अपस्माराच्या झटक्यांनीं वारले. मुलगा तेव्हां चार महिन्यांचाहि नव्हता. ज्या देशांत मुलानें बापाचें सुतक न पाळल्यावरून दरबारांत वादळ उठलें, त्या देशांत पितरांच्या सणाला, छिंगमिंगला, या न परतलेल्या मुलाच्या समाधीवर शिजियाच्वांग शहरीं लोक अजून फुलें वाहतात.

वहिनींनीं विचारलें, “मुलाचें नांव काय ठेवलें?”

“यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि ह्वा म्हणजे चीन.”

वहिनींनीं क्षणभर विचार केला. “म्हणजे बापाचें घर आधीं आणि आईचें मागून,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, रीत कांहीं सोडली नव्हती त्यानें.”