मुक्ता, आधी पत्ते गोळा कर

भुसावळ
12 नोव्हेंबर 2025

चि. मुक्ता,



तुझा प्रश्न एवढाच होता, की ऑफिसातल्या अकरा जणांच्या नाताळच्या भेटींसाठी स्पीड पोस्ट बरं की कुरिअर. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्याच्या खाली तू लिहिलंस, "पत्ते मागायला ऑकवर्ड वाटतं मामा, त्यापेक्षा सगळ्यांना पाचशेचं व्हाउचर टाकावं म्हणते," आणि माझं डोकं फिरलं. मामी म्हणाली, फोन करा. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करून ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला.

अगं, तू गुवाहाटीच्या त्या पोराला पाचशे देणार, तो कोचीच्या मुलीला देणार, ती जबलपूरला, आणि फिरत फिरत कुणीतरी तुला पाचशे देणार. जमाखर्च शून्य. मग ही उठाठेव कशाला? ज्याचे पाचशे त्याच्या खिशात राहू द्या आणि त्या दिवशी तासभर लवकर कॉम्प्युटर बंद करा, तेवढंच पुण्य.

कुणी कुणाला भेट द्यायची त्याच्या चिठ्ठ्यांचं तू काही विचारलं नाहीस, म्हणजे ते तुला सोपं वाटतंय. सोपं नाही. नावं डब्यात टाकली आणि प्रत्येकानं एक उचलली, तर कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता जेमतेम 37 टक्के. माणसं अकरा असोत की एकशे अकरा, आकडा तोच. माँमोर नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं 1708 साली हे कोडं घातलं होतं. म्हणजे तिनातून जवळपास दोनदा कुणीतरी "अरे, मला मीच आलो" म्हणून ओरडणार आणि डबा पुन्हा भरावा लागणार. त्यापेक्षा भिशीसारखं कर. अकरा चिठ्ठ्या एकामागून एक काढ, आल्या त्या क्रमानं वहीत लिही. पहिल्यानं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अकराव्यानं पहिल्याला. स्वतःला स्वतः येण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय मधेच कुणी गळलं तर त्याच्या आधीच्याला पुढच्याशी जोडून दिलं की झालं. आणि गळतात गं माणसं. मार्चमध्ये एका सकाळी तुमच्या ऑफिसातल्या त्या दोघांचे लॉगिनच बंद झाले होते ना? तू आठवडाभर नीट जेवली नव्हतीस.

वही मात्र तुझ्यापाशीच ठेव.

आता पत्त्यांचं. तुम्ही रोज सकाळी कॅमेऱ्यात एकमेकांची तोंडं बघता, कुणाच्या मांजरीला काय झालंय ते तुम्हाला ठाऊक असतं, आणि माणूस कुठल्या गल्लीत राहतो हे विचारायला लाज वाटते! माझी सगळी नोकरी आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या, डब्यात रात्रीच्या गाडीनं गेली, तुला माहीत आहे. समोर सॉर्टिंगचे खण, हातात पत्रांचा गठ्ठा, डबा हलतोय, आणि डोळ्यांना फक्त सहा आकडे दिसतायत. हे सहा आकडे आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी दिले, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. 15 ऑगस्ट 1972 पासून पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिल्या तिनांत सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. चारानं सुरू झाला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड; सहानं तुझी कोची, सातानं गुवाहाटी. नऊ फौजेसाठी राखलेला. एकसारख्या नावांची गावं देशात पैशाला पासरी, आणि पत्ते लिहिलेले डझनभर लिप्यांत. त्यातून पत्र बरोबर घरी जायचं ते या सहा आकड्यांच्या जिवावर आणि पोस्टमनच्या.

आता डिजिपिन आलाय. यंदाच्या मे महिन्यात आला. चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो म्हणे, देशातला कुठलाही. छान आहे. अँब्युलन्सला उपयोगी पडेल. पण त्या चौकोनात मुक्ता राहते की मुक्ता सोडून गेली, हे त्याला कुठे ठाऊक? ते पोस्टमनला ठाऊक असायचं. वरच्या मजल्यावरच्या काकू माहेरी गेल्यात, आठ दिवसांनी येतील, पार्सल खाली वाण्याकडे ठेवतो, हे कुठल्या ॲपात बसवशील? आणि यंदा तर साधं रजिस्टरही स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं. असो. मामी म्हणते, या विषयावर मी बोलायला लागलो की दूध उतू जातं.

पत्ते एका तक्त्यात भरून सगळ्यांना दाखवू नकोस, एवढं ऐक. तुमच्यातल्या चार मुली एकट्या राहतात, तूच म्हणालीस. ज्याचा त्याला वेगळा निरोप धाड, पत्ता तुझ्याकडे येऊ दे, आणि ज्यानं पाठवायचं त्यालाच तेवढा एक पत्ता दे. कुणाला घरचा द्यायचा नसेल तर जबरदस्ती नको; केअर ऑफ कुणाचा तरी देऊ दे, नाहीतर जवळच्या पोस्टाचा. मोबाइल नंबर हवाच, हल्ली त्याशिवाय दार उघडत नाही. नावाच्या खाली घर नंबर, खूण, गाव, जिल्हा, पिन. "नियर मेट्रो" हा पत्ता नव्हे.

मग तुझी खरी अडचण सुरू होते, जी तुझ्या लक्षातच आलेली नाही. खेळ गुपचूप भेट देण्याचा, आणि पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव तर लागतंच. पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा सोडायचा नाही, मुक्ता. अगदी नाही. वाटप झालं नाही आणि मागे पाठवायला पत्ता नसला, की ते पार्सल आरएलओत, म्हणजे परत आलेल्या पत्रांच्या ऑफिसात, जातं, तिथे फोडून बघतात आत काही धागादोरा मिळतो का. म्हणून आतही एक चिठ्ठी ठेवायची, दोन्ही पत्ते लिहून. वरचं कापड फाटलं, शाई पुसली, तरी आतलं बोलतं. आई पार्सल शिवायची तेव्हा ही चिठ्ठी आधी ठेवायची, मग बाकीचं. मांजरपाटाचं कापड, दाभण, दुहेरी दोरा, टाक्यांवर लाखेचे ठिपके. तुझ्यासाठी सोपा तोडगा: सगळ्यांनी पाठवणारा म्हणून तुझं नाव-पत्ता लिहायचा. गुपित राहतं, आणि परत आलं तर तुझ्याकडे येतं. टपालखर्च पाचशेच्या बाहेर धर, नाहीतर ज्याला गुवाहाटी आली त्याची भेट निम्मी होईल. 10 डिसेंबरच्या आत सगळ्यांची पार्सलं पोस्टात पडली पाहिजेत.

तुमच्यातल्या लीड्सच्या त्या मुलाचं वेगळं बघ. इथून तिकडे 39 पौंडांच्या आतली खासगी भेट असली तर तिथला व्हॅट लागत नाही, फक्त कस्टमच्या फॉर्मवर वस्तूचं नाव आणि किंमत खरी लिहा. पेढे-बर्फी नको, दुधाचं तिथे अडवतात. तिकडून इकडे मात्र भेट म्हणून माफी मिळायची ती डिसेंबर 2019 पासून बंद आहे. राख्या आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी सुटतात, बाकी पूर्ण ड्यूटी भरा. कोचीच्या मुलीला पाचशेच्या मफलरवर ड्यूटी भरायला लावायची का? लीड्सवाल्यानं इथल्याच दुकानातून मागवावं आणि सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र वेगळं टाकावं. पत्राला ड्यूटी नाही.

कोचीची मुलगी या खेळाला ख्रिस मॉम-ख्रिस चाइल्ड म्हणते असं तू सांगितलंस तेव्हा मला आपल्या रेल्वे कॉलनीतले गार्डसाहेब आठवले. नाताळला त्यांच्याकडून ताट यायचं, वर क्रोशाचा रुमाल. नेवऱ्या, कलकल, काळसर केकचे तुकडे. ते ताट आईनं कधी रिकामं परत केलं नाही. डिसेंबरात फराळ कुठला, तर तिळाच्या वड्या लवकर करायची. त्यांना आपल्या वड्या फारशा आवडत नसाव्यात असा माझा संशय आहे. तरी ताट फिरत राहिलं. नेवऱ्यांचं एक ताट मधल्या वाटेत हलकं कसं झालं, ते तुझ्या आईला विचार. अजून कबूल करत नाही.

तुमच्या पोरांना मोठं काही पाठवायला सांगू नकोस. गावात जे मिळतं ते. जबलपूरवाल्यानं जबलपूरचं, तू इथलं. मी केळ्याचे वेफर्स पाठवीन म्हणशील तितके. फक्त मला सांग, कुठे पाठवू?

कारण दिवाळीचा डबा परत आलाय. तुला बोललो नव्हतो. चकल्या, शेव, मामीनं तुझ्यासाठी वेगळे केलेले बिनसाखरेचे लाडू. गेल्या आठवड्यात पोस्टमन घेऊन आला, वर शेरा, "लेफ्ट". मी आयुष्यभर हा शेरा लोकांच्या पार्सलांवर वाचला. तू पाडव्याला फोनवर "फराळ मस्त होता मामी" म्हणालीस, ती खूश झाली, आणि तिला मी डबा दाखवलेला नाही. तो माळ्यावर आहे.

बेंगळुरूचं घर कधी सोडलंस? का सोडलंस? भाडं झेपेना का? की त्या दोघांच्या मागोमाग तुझंही काही झालं आणि तू सांगत नाहीयेस? तसं असेल तर भेटींचं हे लचांड तुझ्याच गळ्यात का, तेही मला कळत नाही. कॅमेऱ्यात तुझ्यामागे ती निळी भिंत दिसते, ती खरी आहे का? हल्ली भिंतीसुद्धा खोट्या लावता येतात म्हणे. ताप आला तर औषध आणून देणारं खाली कुणी आहे? घरमालकाचा नंबर आहे का कुणाकडे? अकरा जणांची पार्सलं तुझ्या नावानं निघणार असं मी वर लिहून बसलो, आणि तुझा पत्ता मलाच ठाऊक नाही.

हे पत्र पोस्टात टाकता येत नाही, म्हणून तुझ्या मैत्रिणीच्या मुलाकडून फोटो काढून घेऊन पाठवतोय. लोकेशन पाठवू नकोस. नीट लिहून पाठव, पिनसकट.

तुझ्या आईला यातलं काही कळवलेलं नाही. रविवारपर्यंत तुझ्याकडून आलं नाही तर कळवीन.

तुझा,
मामा

ता. क. कुणीतरी पॉवरबँक नाहीतर अत्तर पाठवायचं डोक्यात घेईलच. टपालात दोन्ही चालत नाही, आधीच सांगून ठेव.