तिसऱ्या शिट्टीच्या आधी

गेल्या जूनमध्ये ताई दोन बॅगा, घरचा कुकर आणि साडेतीन वर्षांच्या छोटूला घेऊन माझ्या वाकडच्या वन बीएचकेमध्ये राहायला आली. दाजी विट्यालाच थांबले, त्यांचं दुकान तिथे आहे. ताई तिथल्या शाळेत सहा वर्षं गणित शिकवत होती. तो राजीनामा तिने कसा लिहिला, हे मी अजून विचारलेलं नाही.

छोटूला ऑटिझम आहे, हे त्याआधी दोन महिन्यांपूर्वी कळलं होतं. तो हाक मारली तरी वळायचा नाही. बाटल्यांची झाकणं तासन्‌तास एका ओळीत लावायचा. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरून फिल्टरपाशी न्यायचा आणि माझा हात नळावर ठेवायचा. माझ्या तोंडाकडे मात्र बघायचा नाही. ताईच्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, आमचा बाळू पण चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता." बाळू म्हणजे दाजी. या एका वाक्यावर आमचं घर वर्षभर निवांत होतं.

डॉक्टरांनी स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वर्तनोपचार, म्हणजे एबीए, असं तिन्ही सुचवलं. विट्याच्या आसपास आठवड्यातून पाच दिवस एबीए करणारं कुणी मिळेना, म्हणून पुणं.

मी कॉम्प्युटर इंजिनियर. काहीही आलं की आधी डॉक्युमेंटेशन वाचायचं, ही सवय. एबीएबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्याच रात्री इवार लोवास हे नाव भेटलं. कॅलिफोर्नियातल्या या मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला ४० तास थेरपी घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात गेली, असा त्याचा दावा. मी लगेच मनात आकडेमोड केली. ४० तास म्हणजे माझ्या ऑफिसचा आठवडा. करू की!

दुसऱ्या रात्री पुढचं वाचलं. त्या अभ्यासात मुलं गटांमध्ये चिठ्ठी टाकून विभागलेली नव्हती. मुलांवर जोरात ओरडणं आणि कधी मांडीवर चापट मारणं, हाही त्या थेरपीचा भाग होता. त्याआधी, साठच्या दशकात, याच लोवासने ऑटिस्टिक मुलांना विजेचे झटके देऊन प्रयोग केले होते. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक लिहितात की, या थेरपीने आम्हाला फक्त आपण आहोत ते लपवायला शिकवलं. लॅपटॉप बंद केला. ताई शेजारच्या खोलीत झोपली होती आणि सोमवारी पहिलं सेशन होतं.

सोमवारी मी थेरपिस्टना हे सगळं एका दमात विचारलं. त्या माझ्याच वयाच्या असतील. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते खरं आहे. इथे कुणी त्याच्यावर हात उगारणार नाही. तो दाराकडे गेला, तर आम्ही थांबतो. तुम्ही काचेतून बघा." पहिले दोन आठवडे त्यांनी त्याला काहीच शिकवलं नाही. त्याच्यासोबत जमिनीवर बसून झाकणांची ओळ लावली. मला वाटलं, पंचेचाळीस मिनिटांचे आठशे रुपये, आणि ह्या झाकणं लावतायत! तिसऱ्या आठवड्यात तो त्यांना बघून चपला काढायच्या आधीच आत पळाला.

मग त्यांनी आम्हाला गृहपाठ दिला. छोटू किंचाळला किंवा डोक्यावर मारून घ्यायला लागला, की तीन गोष्टी लिहायच्या : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. माझ्या आवडीचं काम. मी शीट बनवली, वेळेचा कॉलम टाकला, रंग दिले.

दहा दिवसांत तिसऱ्या कॉलममध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसायला लागला : मोबाईल. तो किंचाळायचा, आम्ही हातात मोबाईल द्यायचो, तो शांत व्हायचा. त्याला आम्ही शिकवत होतो की किंचाळलं की मोबाईल मिळतो. आणि तो शांत होतो म्हणून आम्ही पुढच्या वेळी आणखी लवकर द्यायचो. म्हणजे तोही आम्हाला शिकवत होता.

मी म्हटलं, सापडलं! मोबाईल बंद. त्या संध्याकाळी तो चाळीस मिनिटं रडला आणि कपाळावर टेंगूळ आलं.

ताईने शीट पुन्हा उघडली. ती गणिताची बाई, माझ्या रंगांकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने वेळेचा कॉलम बघितला. सात दहा, सात पाच, सात पंधरा. रविवारी दुपारी साडेबारा. "अरे, ही कुकरची वेळ आहे," ती म्हणाली. पहिली शिट्टी तो सहन करायचा, दुसरीला कानावर हात ठेवायचा, तिसरीला किंचाळायचा. शिट्टी आम्हाला इतकी सवयीची की पहिल्या कॉलममध्ये आम्ही रोज लिहीत होतो, 'काही नाही'.

थेरपिस्टनी त्याला एक कार्ड दिलं. त्यावर आमच्या बिल्डिंगच्या गेटचा फोटो. ताई कुकर लावायची तेव्हा मी त्याचा हात धरून ते कार्ड समोरच्याच्या हातात द्यायला लावायचो आणि आम्ही लगेच खाली जायचो. रोज, महिनाभर. मोबाईल मग आपोआप मागे पडला.

ऑगस्टमध्ये एक भांडण झालं. थेरपीच्या उद्दिष्टांच्या यादीत एक ओळ होती : हात फडफडवणं कमी करणे. लिफ्ट आली की छोटू आनंदाने दोन्ही हात पंखांसारखे हलवतो. मी म्हटलं, "हे चांगलंय, शाळेत मुलं हसतील." ताई म्हणाली, "मुलं हसतील की लिफ्टमध्ये तुझे शेजारी बघतात म्हणून?" मी गप्प बसलो, कारण ते खरं होतं. लिफ्टमध्ये कुणी असलं की मी त्याचे हात हळूच धरून ठेवायचो. ताईला ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने थेरपिस्टना ती ओळ काढायला सांगितलं. डोक्यावर मारून घेणं थांबवायचं, कारण त्याला लागतं. हात हलवण्याने कुणाला लागत नाही. थेरपिस्टनी थोडा विचार केला आणि ओळ खोडली. त्या जागी लिहिलं : 'नको' म्हणायला शिकणे.

खर्चाची शीट वेगळी आहे. १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं, २०१६च्या कायद्यात आलं. त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. नॅशनल ट्रस्टची निरामय ही विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीलाही थोडे पैसे असतात. आम्ही कागद जमवतोय. तोवर दाजींचं दुकान आणि माझा पगार.

छोटू अजून बोलत नाही. पुढच्या जूनमध्ये शाळेचं काय, माहीत नाही. ४० तास आम्हाला जमले नाहीत, दहा जमतात.

गेल्या रविवारी दाजी आले होते. ताई स्वयंपाकघरात, मी आंघोळीला. बाहेर आलो तेव्हा कुकर फुसफुसत होता आणि छोटू दाजींसमोर उभा होता, हातात कार्ड. माझा हात त्याच्या हातावर नव्हता. दाजींनी कार्ड घेतलं, उलटसुलट बघितलं. "काय म्हणतोय हा?"

"बाहेर जायचंय म्हणतोय," ताई आतून ओरडली. "लवकर जा, शिट्टी होईल!"

दाजींनी त्याला उचललं आणि तसेच अनवाणी जिन्याने खाली पळाले. लिफ्टची वाट बघितली नाही. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी गॅलरीत होतो. खाली गेटपाशी छोटू वडिलांच्या खांद्यावर बसून हात हलवत होता.